परसातले घर : मर्जीकडून हक्काकडे



कॅलिफोर्निया राज्यात घरामागच्या परसात दुसरे लहान घर बांधण्याची परवानगी हा आज जमीनमालकाचा हक्क आहे. नकाशा नियमांत बसत असेल तर नगरपालिकेला ती नाकारता येत नाही, त्यासाठी जाहीर सुनावणी घेता येत नाही, शेजाऱ्यांच्या हरकती मागवता येत नाहीत. एवढी साधी गोष्ट कायद्याच्या पुस्तकात यायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली. आणि पुस्तकात आल्यानंतरही शिक्का मारलेला नकाशा हातात पडेपर्यंत मालकाला बरीच मजल मारावी लागते. परवानगी मर्जीची होती ती हक्काची कशी झाली, ती मिळवायची वाट कशी आहे, आणि हक्काची झाली तरी ती कोणापर्यंत पोचलेली नाही, हा आजचा विषय.

या घराचे कायद्यातले नाव ॲक्सेसरी ड्वेलिंग युनिट. बोलताना सगळे एडीयूच म्हणतात. जुनी माणसे ग्रॅनी फ्लॅट म्हणतात. मुख्य घराच्याच भूखंडावर, पण स्वतंत्र दार, स्वतंत्र स्वयंपाकघर आणि स्वतंत्र न्हाणीघर असलेले घर, ही त्याची व्याख्या. ते परसात सुटे उभे राहू शकते, मुख्य घराला चिकटून बांधता येते किंवा गॅरेजचे रूपांतर करून मिळवता येते. मुख्य घराच्याच भिंतींच्या आत ५०० चौरस फुटांपर्यंतचे ज्युनियर एडीयू काढण्याचीही सोय आहे.

फ्रीमाँट, सनीव्हेल, सॅन होजे या पट्ट्यात मराठी कुटुंबे बरीच आहेत. बृहन्महाराष्ट्र मंडळाचे २०२४ चे अधिवेशन सॅन होजेलाच भरले होते. या कुटुंबांत एडीयूचा विषय निघतो तो बहुधा आईवडिलांमुळे. पुण्या-नाशकाहून आलेले आईवडील एका खेपेला साधारण सहा महिने राहतात. त्यांना जिना चढवत नाही, आणि तळमजल्यावर झोपायची खोली नसते. मुख्य घराशेजारी, पण आपल्या दाराची आपल्याकडे कडी असलेले घर ही त्यांची खरी गरज असते. गरज एवढी उघड, जागा मालकाची, पैसा मालकाचा. मग अडत कुठे होते?

अडत होते भूवापराच्या नियमांत. विसाव्या शतकात अमेरिकी शहरांनी निवासी जमिनीचा मोठा भाग ‘एका भूखंडावर एकच घर’ या नियमाखाली आणला. लॉस एंजेलिससारख्या शहराच्या निवासी जमिनीचा बहुतांश भाग असाच राखलेला होता. १९८२ मध्ये राज्याने दुसऱ्या घरांसाठी पहिला कायदा केला, पण त्यात शहरांना पळवाटा भरपूर होत्या. परवानगीसाठी सुनावणी व्हायची; शेजारी उभे राहून वर्दळ वाढेल, गाड्या लावायला जागा उरणार नाही, वस्तीचा चेहरा बदलेल असे सांगायचे; आणि नियोजन मंडळ अर्ज फेटाळायचे. २००३ पासून राज्याने सुनावणी बंद केली. नियमांत बसणारा अर्ज अधिकाऱ्याने टेबलावरच मंजूर करावा, असे ठरले. मग शहरांनी काय केले? त्यांनी नियमच असे केले की अर्ज त्यांत बसू नये. पासादेना शहराने अट घातली की भूखंड किमान १५ हजार चौरस फुटांचा हवा. शहरातले बहुतेक भूखंड त्याहून पुष्कळ लहान. कुठे गाडीसाठी छप्पर असलेली जागा मागितली, कुठे येण्याजाण्याच्या वाटेची रुंदी वाढवली, कुठे जलजोडणीचे शुल्कच इतके लावले की मालकाने नाद सोडावा. परवानगी नाकारली असे कुठेच लिहिले जात नव्हते आणि परवानगी कुणाला मिळतही नव्हती. नकाराचा हा प्रकार सर्वांत वाईट, कारण त्यावर दाद मागायला जागा नसते.

लॉस एंजेलिसमध्ये तर आणखी वेगळे घडले. २०१० पासून हे शहर स्वतःच्या जुन्या कडक अध्यादेशाऐवजी राज्याचे सैल निकष लावून परवाने देत होते. २०१६ मध्ये एका खटल्यात न्यायालयाने ही पद्धत चुकीची ठरवली. शेकडो मालकांचे परवाने अधांतरी राहिले. काहींचे जोते तयार होते, काहींच्या भिंती उभ्या होत्या, आणि पुढे काय याचे उत्तर कुणाकडे नव्हते.

त्याच वर्षी विधिमंडळाने दोन विधेयके मंजूर केली. एक सिनेटर बॉब विकाउस्की यांचे, जे फ्रीमाँटचे प्रतिनिधी होते. दुसरे सांता मोनिकाचे रिचर्ड ब्लूम यांचे. १ जानेवारी २०१७ पासून ती लागू झाली. अर्जावर १२० दिवसांत निर्णय, आणि सार्वजनिक वाहतुकीपासून अर्ध्या मैलाच्या आत गाडीच्या जागेची सक्ती नाही, हे त्यांतले दोन मोठे बदल. शहरांनी पुन्हा फटी शोधल्या. म्हणून २०१९ मध्ये विकाउस्की, ब्लूम आणि सॅन फ्रान्सिस्कोचे फिल टिंग यांच्या विधेयकांनी त्या फटी बुजवल्या. १ जानेवारी २०२० पासून मुदत ६० दिवसांवर आली. किमान भूखंडाची अट गेली. बाजूचे आणि मागचे सामासिक अंतर ४ फुटांहून जास्त मागता येईना. गॅरेजचे घर केले तर गेलेल्या गाडीच्या जागेची भरपाई मागता येईना. ८०० चौरस फूट आणि १६ फूट उंचीपर्यंतचे घर तर शहराच्या इतर कोणत्याही मोजमापाने अडवता येईना. मालकाने त्याच जागेवर राहिले पाहिजे ही अट आधी तात्पुरती थांबली आणि २०२३ च्या कायद्याने एडीयूपुरती कायमची गेली.

या सगळ्या तरतुदींत सर्वांत जास्त वजन कशाला? आकड्यांना नाही. वजन आहे ते अधिकाऱ्याच्या हातून ‘योग्य वाटल्यास’ हा अधिकार काढून घेण्याला. अर्ज नियमात बसतो की नाही, एवढेच त्याने पाहायचे. घर सुंदर आहे का, वस्तीला शोभते का, हे पाहायचे नाही. ६० दिवसांत निर्णय झाला नाही तर अर्ज मंजूर मानला जातो. नाकारायचा असेल तर सगळ्या त्रुटी एकदम लिहून द्याव्या लागतात आणि त्या दूर कशा करायच्या हेही सांगावे लागते. ज्याने कधी कुठल्याही कचेरीत एकेक त्रुटी कळण्यासाठी एकेक हेलपाटा घातला असेल, त्याला या शेवटच्या तरतुदीची किंमत वेगळी सांगायला नको.

राज्य मालकाच्या बाजूने उभे आहे का, याचीही परीक्षा झाली. २०२३ च्या फेब्रुवारीत हंटिंग्टन बीच शहराने असे अर्ज स्वीकारणेच थांबवायचे ठरवले. राज्याने मार्चमध्ये शहरावर दावा लावला आणि त्याच महिन्यात शहराला माघार घ्यावी लागली. कायद्यांचा परिणाम आकड्यांतही दिसला. २०१६ ते २०२२ या काळात राज्यभरात ८० हजारांहून अधिक परवाने निघाले. त्याआधी वर्षाला ते जेमतेम हजाराच्या घरात असत. लोकांना लहान घरे नको होती म्हणून ती होत नव्हती, हा युक्तिवाद या आकड्याने कायमचा निकालात काढला.

आता प्रत्यक्ष वाट. परवान्याचे काम नकाशापासून सुरू होत नाही; ते जमिनीच्या कागदांपासून सुरू होते. उपनगरी भूखंडांच्या मागच्या कडेला बहुधा वीज, टेलिफोन किंवा सांडपाण्याच्या वाहिनीसाठी काही फुटांची पट्टी राखलेली असते. जमीन मालकाची, पण तिच्यावर वापराचा हक्क कंपनीचा किंवा पालिकेचा. त्या पट्टीवर बांधकाम चालत नाही. ४ फुटांचा नियम माहीत असलेला मालक घर कुंपणापासून ४ फुटांवर आखतो आणि महिन्याभराने कळते की कुंपणापासूनचे पहिले ६ फूट त्याला वापरताच येत नाहीत. म्हणून आधी मालकीहक्काचा अहवाल, मग हद्दीची मोजणी, मग स्थळनकाशा. त्यात हद्दी, असलेली बांधकामे, शेड, मोठी झाडे, वरून गेलेल्या विजेच्या तारा, मीटर, सांडपाण्याची नळी, सगळे दाखवावे लागते.

इथे एक बारकावा थांबून पाहण्यासारखा आहे. भूवापराचा कायदा म्हणतो, हद्दीपासून ४ फूट सोडा. इमारत संहिता म्हणते, भिंत हद्दीपासून ५ फुटांच्या आत असेल तर ती तासभर आगीला टिकणारी हवी आणि तिच्यातल्या खिडक्यांवर मर्यादा. ३ फुटांच्या आत तर खिडकीच नाही. दोन्ही नियम एकाच वेळी लागू. ४ फूट कायदेशीर आहेत, पण महाग आहेत. जाणता आरेखक जागा असेल तिथे ५ फूट सोडतो आणि अग्निरोधक भिंतीचा खर्च वाचवतो. जुने गॅरेज थेट हद्दीवर असते तेव्हा मात्र निवड उरत नाही. त्या बाजूला एकही खिडकी काढता येत नाही, म्हणून झोपायची खोली आपोआप अंगणाच्या बाजूला सरकते. कारण झोपायच्या खोलीला आगीच्या वेळी बाहेर पडता येईल अशी खिडकी लागतेच. तिची रुंदी किमान २० इंच, उंची किमान २४ इंच आणि खालची कड फरशीपासून ४४ इंचांहून वर नाही. दोन्ही किमान मापे एकदम धरली तर उघडणारी जागा कमी पडते, म्हणून प्रत्यक्षात खिडकी याहून मोठीच घ्यावी लागते. घराची आतली मांडणी आरेखकाच्या कल्पनेइतकीच या एका खिडकीने ठरते.

क्षेत्रफळाचेही असेच आहे. ७५० चौरस फुटांहून लहान एडीयूवर शहराला रस्ते, उद्याने यांसाठीचे विकास शुल्क लावता येत नाही. म्हणून ७४९ चौरस फुटांचे नकाशे या राज्यात जागोजाग दिसतात. नकाशा तपासणीचे आणि परवान्याचे शुल्क मात्र सगळ्यांनाच भरावे लागते, आणि ५०० चौरस फुटांच्या वर शाळा मंडळाचे शुल्कही लागू शकते.

मग संरचना अभियंत्याचे गणित, ऊर्जेच्या वापराचा अहवाल, नव्या सुट्या घरासाठी छपरावरचे सौर पॅनेल, कधी मातीचा अहवाल. अग्निशमन खाते पाहते की रस्त्यावर उभ्या गाडीचा पाइप घराच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचतो का. त्याचे नेहमीचे माप १५० फूट. खोल भूखंडाच्या टोकाला बांधलेले घर इथे अडते आणि पाण्याचे फवारे बसवून किंवा घर पुढे आणून वाट काढावी लागते. समुद्रकिनाऱ्याच्या पट्ट्यात १९७६ च्या किनारा कायद्याची वेगळी परवानगी लागते, आणि वणव्याच्या धोक्याच्या भागात छप्पर, भिंती आणि हवा खेळणाऱ्या झरोक्यांची जाळी यांचे वेगळे नियम.

दोन गोष्टी मात्र कागदावर लहान आणि खिशाला मोठ्या असतात. पहिली सांडपाण्याची नळी. तिला दर फुटाला पाव इंच उतार लागतो. परसातून रस्त्याकडच्या वाहिनीपर्यंत ६० फूट अंतर असेल तर नळी १५ इंच खाली जायला हवी. परस रस्त्यापेक्षा खोलगट असेल तर उताराने काम होत नाही. टाकी आणि पंप बसवावा लागतो. दुसरी गोष्ट विजेची. जुन्या घराचे १०० ॲम्पिअरचे पॅनेल दुसऱ्या घराचा भार बहुधा पेलत नाही. ते २०० चे करायचे तर वीज कंपनी येणार, खांबापासूनची तार बदलणार, आणि कंपनीच्या रांगेला बांधकाम विभागाची घाई ठाऊक नसते. परवाना हातात, घर उभे आणि वीज नाही, अशी महिनोन्‌महिने थांबलेली घरे याच कारणाने आहेत. २०२२ मध्ये विधिमंडळाने स्पष्ट केले की परवाना देणारी संस्था म्हणजे फक्त नगरपालिका नव्हे; पाणी, सांडपाणी, वीज यांच्या संस्थाही त्यात धरायच्या. हे करायला हवेच होते. साखळीतला एक दुवा वेगवान आणि बाकीचे मंद असतील तर त्या वेगाचा मालकाला काय उपयोग?

तपासणीतला वेळ वाचावा म्हणून आधीच मंजूर केलेल्या नकाशांची कल्पना पुढे आली. एन्सिनिटास या लहानशा किनारी शहराने २०१९ मध्ये असे नकाशे मोफत दिले. लॉस एंजेलिसने २०२१ मध्ये स्थापत्यसंस्थांचे अनेक आराखडे मंजूर करून ठेवले. २०२५ पासून प्रत्येक शहराला अशी योजना ठेवणे बंधनकारक आहे, आणि असा नकाशा घेतला तर निर्णयाची मुदत ६० ऐवजी ३० दिवस. नकाशा तयार असला तरी भूखंड तयार नसतो, हे मात्र विसरून चालत नाही. पाया, उतार, नळ्या आणि अंतरे प्रत्येक ठिकाणी नव्यानेच पाहावी लागतात.

परवाना मिळाल्यावर काम संपते का? नाही, तिथून तपासनीसाच्या भेटी सुरू होतात. पहिली भेट काँक्रीट ओतण्यापूर्वी. चर किती खोल, सळ्या कशा बांधल्या, भूकंपात भिंत उचलली जाऊ नये म्हणून लावायचे बोल्ट नेमक्या जागी आहेत का, आणि पायातल्या सळईला अर्थिंगची तार जोडली आहे का, हे तो पाहतो. काँक्रीट ओतून झाल्यावर ही तार आठवली तर काहीही करता येत नाही, निदान स्वस्तात करता येत नाही. पुढची भेट सांगाड्याची. प्लायवूडच्या भिंतींवर खिळे किती इंचांवर ठोकले ते तो मोजतो, कारण कॅलिफोर्नियात घर उभे राहते ते त्या खिळ्यांवर. मग वीज, नळ, हवा यांची कच्ची तपासणी, मग उष्णतारोधक थर, मग अखेरची भेट आणि भोगवटा प्रमाणपत्र. ही टप्प्यांची शिस्त मालकाला जाच वाटते. खरे तर ती त्याच्याच बाजूची असते. झाकलेल्या भिंतीच्या आत काय आहे हे त्याला पुढे कधीच दिसणार नसते; त्याच्यासाठी ते पाहणारा एकच माणूस असतो.

ठेकेदाराच्या बाबतीत एक नियम प्रत्येक मालकाने पाठ करावा असा आहे. कॅलिफोर्नियात घराच्या कामासाठी ठेकेदाराला आगाऊ रक्कम घेता येते ती कराराच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांपैकी जी कमी असेल ती. एडीयूची लाट आली तेव्हा याच नियमाला फाटा देऊन मोठमोठ्या आगाऊ रकमा घेतल्या गेल्या आणि कुटुंबांची आयुष्यभराची बचत गेली.

श्रोतेहो, आतापर्यंत सांगितले ते परवाना मागणाऱ्यांविषयी. पण परवाना न मागता बांधलेल्या घरांचे काय? लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक विनीत मुखिजा यांनी घरविक्रीच्या जाहिराती तपासून त्यांत बिनपरवाना खोल्यांचा उल्लेख किती वेळा येतो हे पाहिले. त्यावरून एकट्या लॉस एंजेलिस शहरात अशी सुमारे ५० हजार घरे असावीत असा अंदाज निघाला. यांत राहणारे कोण? हॉटेलांच्या स्वयंपाकघरात राबणारे, बागकाम करणारे, वृद्धांची शुश्रूषा करणारे. गॅरेजच्या जमिनीला दाराकडे उतार असतो, जोत्याखाली ओल अडवणारा थर नसतो, वीज मुख्य घरातून लांब वायरने आणलेली असते आणि बाहेर पडायला एकच दार. आग लागली तर जीव जातो. आणि भाडेकरू तक्रार करत नाही, कारण तक्रार केली तर घर बंद होते आणि तो रस्त्यावर येतो.

ही कोंडी फोडण्याचा प्रयत्न दोन कायद्यांनी केला. २०१९ च्या कायद्याने जुन्या बेकायदा एडीयूंवरची कारवाई, जिवाला धोका नसेल तर, ५ वर्षे पुढे ढकलण्याची सोय दिली. २०२४ च्या कायद्याने २०२० पूर्वी बांधलेल्या घरांना नियमित होण्याची वाट मोकळी केली. आजच्या संहितेत बसत नाही एवढ्या कारणाने शहराला नकार देता येत नाही. राहायला धोकादायक असेल तरच देता येतो. बांधकाम उघड करताना मालकाला शिक्षेची भीती नसावी आणि भाडेकरूला बेघर होण्याची नसावी, हा त्यामागचा विचार. एडीयूच्या सगळ्या कायद्यांत हा सर्वांत माणुसकीचा, आणि याची जाहिरात सर्वांत कमी होते.

आक्षेपही आहेत, आणि ते टाळून चालणार नाहीत. परसात घर बांधू शकतो तो मुळात घराचा मालक असलेलाच. सुटे एडीयू दोन-तीन लाख डॉलरना सहज पडते. घराच्या तारणावर कर्ज काढू शकणाऱ्यालाच ते झेपते. राज्याच्या गृहवित्त संस्थेने नकाशे, मातीची तपासणी आणि परवान्यांच्या खर्चासाठी ४० हजार डॉलरपर्यंतचे अनुदान दिले. मागणी इतकी होती की निधी झपाट्याने संपला. सॅन डिएगोने आणखी पुढे जाऊन परवडणाऱ्या भाड्याच्या घरांच्या बदल्यात जादा एडीयू देण्याची योजना आणली. एकेका भूखंडावर डझनांनी घरांचे प्रस्ताव आले, तेव्हा २०२५ मध्ये तिथल्या नगरपरिषदेला मर्यादा घालाव्या लागल्या. शेजाऱ्यांचे प्रत्येक म्हणणे स्वार्थाचेच असते असे नाही, हे या अनुभवातून दिसले. पण त्या म्हणण्याचे उत्तर नियम नीट लिहिण्यात आहे. अर्जागणिक सुनावणी घेण्यात नाही.

राहता राहिला विक्रीचा प्रश्न. २०२३ पर्यंत एडीयू सर्वसाधारणपणे मुख्य घरासोबतच विकले जायचे. ते भाड्याने देता येते, सर्वसाधारणपणे ३० दिवसांहून अधिक मुदतीने. २०२३ च्या कायद्याने शहरांना मुभा दिली की त्यांनी ठरवले तर एडीयू स्वतंत्र फ्लॅटसारखे विकू द्यावे. सॅन होजे हे ती मुभा घेणारे राज्यातले पहिले शहर. तिथेही मुख्य घरावर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेची लेखी संमती लागते, घराची सुरक्षा तपासणी लागते, आणि दोन्ही घरांच्या सामाईक जागांची देखभाल पाहणारी संघटना नोंदवावी लागते. हे सारे झाल्यावर मालकीहक्काची वेगळी नोंद होते. इतर शहरांनी ही सोय स्वीकारायची की नाही, हा निर्णय त्यांच्याकडेच ठेवलेला आहे.